आगगाडी खेळण्यातली, वीज मात्र खरी

या आठवड्यात लोणची-पापडांना जरा सुटी. दिवाळीत आमच्या घरात जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहवेना. तसं वाईट काही झालं नाही, पण होता होता राहिलं, आणि तेही एका खेळण्यापायी.

आम्हा मानवतच्या लोकांना आगगाडीचं अप्रूप जरा जास्तच. गावाच्या नावाचं स्टेशन आहे, पण ते गावात नाही, म्हणून त्याचं नावच ‘मानवत रोड’. माझ्या लहानपणी ही मनमाड-सिकंदराबाद लाईन मीटरगेज होती. १९९० नंतरच्या दशकात ती आमच्या भागात ब्रॉडगेज झाली. मामाच्या गावाला जायचं तर आधी गावातून स्टेशन गाठायचं आणि मग फलाटावर ट्रंकेवर बसून गाडीची वाट पाहायची. लाईन एकेरी. स्टेशन मास्तरांनी टोकन दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. टोकनाचं ते मोठं कडं हातात धरून उभा असलेला माणूस मला अजून आठवतो.

तर अशा या आगगाडीवेड्या घरात दिवाळीला माझे थोरले बंधू आले, ते एक मोठं खोकं घेऊनच. नोकरीनिमित्त ते बरीच वर्षं परदेशात होते, आता पुण्यात असतात. खोक्यात त्यांच्या मुलांची जुनी विजेची आगगाडी होती. काळं इंजिन, चार डबे, रुळांचे तुकडे, सिग्नल आणि विटेसारखे जड दोन ट्रान्सफॉर्मर. लेकरं अशी खूश, की फराळाची आठवणसुद्धा राहिली नाही.

मोठा नातू अकरा वर्षांचा. शेजारची दोन लेकरं जोडीला. बैठकीतली सतरंजी गुंडाळली आणि रूळ मांडले. वाढवता वाढवता गाडी पार माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. पण लांबच्या टोकाला ती मंद पडू लागली. मग पोरांनी शक्कल लढवली : दुसरा ट्रान्सफॉर्मरही त्याच रुळांना जोडून टाकला. गाडी पळू लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

दुपारी मी केर काढायला आले. गाडी फिरतच होती. एक ट्रान्सफॉर्मर बोर्डात लावलेला, दुसऱ्याचा प्लग कुणीतरी काढून फरशीवर टाकलेला. आमची अकरा महिन्यांची नात रांगत रांगत नेमकी त्या प्लगाकडे निघाली होती. सध्या तिला जे सापडेल ते तोंडात घालायचं असतं. मी पटकन वाकून प्लग उचलला आणि असा झटका बसला की हात कोपरापर्यंत बधिर झाला.

“आजी, तो प्लग तर काढलेला आहे! त्याचा शॉक कसा लागेल?” नातू म्हणाला. दादाही हसले. म्हणाले, “अगं, वाकल्यामुळे शीर लचकली असेल.” मी काही ऐकलं नाही. बोर्डाचं बटण बंद केलं, नातीला उचललं आणि गल्लीतल्या वायरमनला बोलावणं धाडलं. त्यांनी येऊन मीटर लावून पाहिला. मग दादांकडे वळून म्हणाले, “मामा, काकूंचं खरं हाय. ह्या मोकळ्या पिनांत दोनशेच्या वर व्होल्ट हायेत.”

मैत्रिणींनो, माझ्याऐवजी त्या दोन पिना नातीच्या ओल्या तोंडात गेल्या असत्या तर? त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी वायरमनना चहाला थांबवून घेतलं, दादांनाही समोर बसवलं आणि सगळं नीट समजून घेतलं. तेच आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

डीपीचं धाकटं भावंड

ट्रान्सफॉर्मर म्हटलं की आपल्याला गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी आठवते. सरकारी मराठीत तिला रोहित्र म्हणतात. मोठ्या तारांतून आलेली ११,००० व्होल्टची वीज ती घरात वापरण्याजोगी, म्हणजे २३० व्होल्टची करते. विजेवर चालणाऱ्या खऱ्या रेल्वेतही तसंच असतं. आपल्या देशात वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि ती वीज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर इंजिनाच्या पोटात बसवलेला असतो. खेळण्याच्या गाडीला तर जेमतेम १२ ते १६ व्होल्ट लागतात. म्हणजे तिचा ट्रान्सफॉर्मर हे डीपीचंच धाकटं भावंड.

त्याच्या पोटात लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकाला घरातली वीज मिळते, दुसऱ्यातून गाडीची वीज निघते. हिशेब सोपा आहे. पहिल्याला २३०० वेढे आणि दुसऱ्याला १२० वेढे असतील, तर २३० व्होल्टचे १२ व्होल्ट होतात. पण माझ्या मते खरं महत्त्व वेढ्यांच्या आकड्याला नाही. महत्त्व याला, की ही दोन वेटोळी एकमेकांना कुठेही टेकलेली नसतात. वीज एका तारेतून दुसरीत वाहत जात नाही, लोखंडातल्या चुंबकत्वाच्या जोरावर ती पलीकडे उमटते. मधे जणू भिंत असते. भिंतीच्या अलीकडे घरातली जीवघेणी वीज, पलीकडे लेकरांचे हात. ट्रान्सफॉर्मर वीज कमी करतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण लेकराला वाचवते ती ही भिंत.

आता आमच्या घरात काय झालं ते पाहा. ट्रान्सफॉर्मरला पुढचं-मागचं कळत नाही. २३० कडून वीज दिली की १६ निघतात, आणि १६ कडून दिली की उलटे २३० निघतात. पहिल्या ट्रान्सफॉर्मरने रुळात १६ व्होल्ट सोडले. त्याच रुळांना दुसरा जोडलेला असल्यामुळे ते त्याच्या पोटात मागच्या दाराने शिरले आणि त्याच्या मोकळ्या प्लगाच्या पिनांवर २३० व्होल्टच्या आसपास होऊन उभे राहिले. दोन्हींची मूठ वेगवेगळ्या आकड्यावर असेल तर याहूनही जास्त होऊ शकतात. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. अशा वेळी घरच्या बोर्डातला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. सुद्धा उपयोगी पडेलच असं नाही, कारण मधल्या भिंतीमुळे त्याला पलीकडचा झटका दिसतच नाही.

डीसीवर चालणाऱ्या गाड्यांच्या खोक्यात आत रेक्टिफायर असतो, म्हणून हा उलटा रस्ता सहसा बंद असतो. पण बाहेरून पाहून आपल्याला ते कळत नाही. म्हणून नियम सर्वांना सारखाच : एका रुळाला एकच ट्रान्सफॉर्मर.

विकत घेताना चार गोष्टी पाहा

दुकानातून घ्या की घरपोच मागवा, आधी ट्रान्सफॉर्मर उलटा करून त्याच्या पाठीवरची पट्टी वाचा. पट्टीच नसेल, खरवडलेली असेल किंवा नुसतं ‘पॉवर’ असं मोघम लिहिलं असेल, तर तो घेऊच नका.

पहिली गोष्ट : आत येणारी वीज. इथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं लिहिलेलं हवं. अमेरिकेतून आलेल्या गाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर ११० किंवा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असतं. तो आपल्या बोर्डात लावला तर दुप्पट दाबाने काही क्षणांत वेटोळं जळतं, धूर निघतो. वीज निम्मी करणारं वेगळं यंत्र लावलं तरी हर्ट्झ बदलत नाहीत. ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. अमेरिकेतल्या सूनबाईंनी किंवा भाच्याने हौसेने गाडी पाठवली असेल तर गाडी ठेवा, ट्रान्सफॉर्मर इथला घ्या.

दुसरी गोष्ट : बाहेर जाणारी वीज. किती व्होल्ट, आणि एसी की डीसी? दोन रुळांवरच्या बहुतेक लहान गाड्यांना, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्श्याच्या एच-ओ मापाच्या गाड्यांना, १२ व्होल्ट डीसी लागते. जर्मनीतल्या मार्क्लिनसारख्या काही गाड्या जुन्या काळापासून १६ व्होल्ट एसीवर चालत आल्या आहेत. डीसीच्या गाडीला एसी दिली तर ती पळत नाही, जागेवर गुरगुरते आणि तिची मोटार तापून खराब होते. गाडीच्या खोक्यावरचा आकडा आणि ट्रान्सफॉर्मरचा आकडा जुळलाच पाहिजे. कुठल्याही खेळण्याला २४ व्होल्टपेक्षा जास्त दाब नसावा, असा दंडक आहे.

तिसरी गोष्ट : ताकद. ही व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअरमध्ये लिहिलेली असते. तिचा हिशेब खाली वेगळा दिला आहे.

चौथी गोष्ट : खुणा. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. खूण सक्तीची झाली आहे. विजेच्या खेळण्यांचं मानक आय.एस. १५६४४ आहे. खेळण्यावर ती खूण पाहाच, पण तेवढ्यावर थांबू नका. ट्रान्सफॉर्मरवर चौकोनात चौकोन काढलेला असेल तर त्याला दुहेरी आवरण आहे असं समजावं. घराचं चित्र असेल तर तो फक्त घरात वापरायचा. परदेशी ट्रान्सफॉर्मरवर कधी रेल्वे इंजिनाचं चित्र असतं. ते खास खेळण्यांसाठी बनवल्याची खूण आहे. जास्त तापला किंवा तारा भिडल्या तर आपोआप बंद पडण्याची सोय आहे का, हेही दुकानदाराला विचारा.

पाहुण्यांच्या भातासारखा हिशेब

पाहुणे किती ते ठरवून आपण तांदूळ काढतो, वर मूठभर जास्तीचे घालतो. इथेही तसंच करायचं. एच-ओ मापाच्या एका इंजिनाला साधारण अर्धा अँपिअर लागतो असं धरू. जुनं इंजिन असेल तर एक अँपिअरपर्यंतही जातो. स्टेशनातला एकेक छोटा दिवा ०.०५ अँपिअर. समजा दोन इंजिनं आणि सहा दिवे आहेत. दोन इंजिनांचा एक अँपिअर, सहा दिव्यांचा ०.३, एकूण १.३. त्याला १२ व्होल्टने गुणलं की १५.६ व्हीए. मूठभर जास्तीचे म्हणून २० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा.

याहून लहान घेतला तर तो सारखा तापेल. पण ‘असू दे मोठा’ म्हणून शंभर व्हीएचाही घेऊ नका. डबा घसरून चाकं दोन रुळांना आडवी भिडली, तर मोठा ट्रान्सफॉर्मर त्या इवल्याशा जागेत सगळी ताकद ओततो. तिथली तार लाल होते. हातातली पाटली किंवा बांगडी दोन्ही रुळांना एकदम टेकली तरी ती चटका बसेल इतकी तापू शकते. म्हणून घसरलेली गाडी उचलताना आधी मूठ शून्यावर, मग हात.

आमची गाडी लांबच्या टोकाला मंद का पडत होती, तेही सांगते. ट्रान्सफॉर्मर कमी पडत नव्हता. रुळांचे सांधे ढिले होते आणि तिथपर्यंत वीज पोचत नव्हती. वायरमननी त्याच ट्रान्सफॉर्मरपासून वायरींची एक जोडी लांबच्या रुळांपर्यंत नेली, ही बाजू त्या रुळाला आणि ती बाजू ह्या रुळाला असं जुळवून जोडली, आणि गाडी सगळीकडे सारखी धावू लागली. दहा रुपयांची वायर! त्यासाठी पोरांनी दुसरा ट्रान्सफॉर्मर जोडला होता.

काटकसर चुकीच्या जागी

आपण बायका काटकसरी, आणि आपल्या घरातले पुरुष जुगाडी. पण इथे पुढच्या युक्त्या कुणी सुचवल्या तर ठाम नकार द्या.

पंख्याचा रेग्युलेटर : हा वीज कमी करतो, पण त्यात भिंत नसते. रूळ सरळ घरातल्या विजेला जोडले जातात. मोठ्या प्रयोगशाळांतला गोल मुठीचा डिमरस्टॅट आणि फ्रिजचा स्टॅबिलायझर यांतही बहुधा एकच वेटोळं असतं, तेव्हा भिंत त्यांतही नाही. विजेचा दाब स्थिर राहावा म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या आधी स्टॅबिलायझर लावा, पण ट्रान्सफॉर्मरच्या ऐवजी कधीही नको.

इन्व्हर्टरची बॅटरी : “तीही बाराचीच की!” असं कुणीतरी म्हणेलच. व्होल्ट बारा असले तरी तारा भिडल्या की ती बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते. वायरीचं आवरण वितळून पेट घेईल. व्होल्ट कमी म्हणजे धोका नाही, असं समजू नये.

रिवायंडिंग : आपल्या भागात विहिरीवरच्या मोटारी भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली. कारागीर हुशार असतात. पण खेळण्याच्या ट्रान्सफॉर्मरमधल्या दोन वेटोळ्यांमधलं आवरण कारखान्यात जसं तपासलेलं असतं, तसं पुन्हा होईल याची खात्री कोण देणार? जळलेला ट्रान्सफॉर्मर भरून आणू नका. त्याची वायर कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी लावणार नाही, आणि तो टाकून द्या.

जुना, वारशाने आलेला : दादांनी आणलेल्यांसारखा. पत्र्याचं खोकं, कडक झालेली किंवा तडकलेली वायर, हलणारी मूठ यांपैकी एक जरी दिसलं तरी तो शोभेला ठेवावा. धडधाकट दिसत असेल तरी वायरमनकडून मेगर लावून आवरण तपासून घ्यावं. शिवाय बरेच जुने युरोपी ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचे असतात. आपल्याकडे रात्री दाब वाढून २६० झाला, तर १६ च्या जागी जवळजवळ १९ निघतात.

आणि ते काडीपेटीच्या काड्यांचं! परदेशी प्लगाच्या पिना आपल्या भोकांत ढिल्या बसतात, ठिणग्या उडतात. मग कुणी प्लग कापतो, वायरीची टोकं सोलतो आणि काड्या खोचून ती भोकांत बसवतो. असं आपल्या घरात होऊ देऊ नका. आय.एस.आय. खुणेचा नवा प्लग वायरमनकडून बसवून घ्या.

वापरताना

रूळ जमिनीवर मांडायचे तर फरशी पुसल्यावर ती पूर्ण कोरडी होऊ द्यावी. माठाजवळ, मोरीजवळ किंवा ओट्यावर मांडू नयेत. त्यापेक्षा प्लायवूडची एक फळी करून घेतलेली बरी. खेळ संपला की ती भिंतीला टेकवून उभी करता येते.

ट्रान्सफॉर्मर फळीवर नको. तो लेकरांच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर, मोकळ्या हवेत ठेवावा. त्यावर टॉवेल, उशी किंवा खोकं ठेवू नये. हलकीशी गुणगुण चालते. तो पट्ट्यांचा आवाज असतो. पण घरघर वाढली, जळका वास आला किंवा हात ठेववेना इतका तापला, तर लगेच बंद करा. हात लावून पाहायचा तोही प्लग काढूनच, तळहाताने नव्हे तर हाताच्या पाठीने.

वर्षातून एकदा वायर बोटभर बोटभर तपासा. उंदरांना ती फार आवडते.

सारखा फ्यूज उडत असेल तर त्या जागी जाड तार घालू नका. फ्यूज उडतो म्हणजे तो आपल्याला काही सांगत असतो. आधी घसरलेला डबा, रुळावर पडलेली टाचणी किंवा केसाची पिन शोधा.

लाईट गेली की मूठ शून्यावर आणून प्लग काढा. आपल्याकडे लाईट जाते तशी अचानक येते, आणि येताना कधी दाब चढलेला असतो. तेव्हा मूठ पुढे राहिली असेल तर गाडी उडी मारून रुळाबाहेर जाते.

रूळ पुसायला स्पिरिटात किंचित ओलं केलेलं सुती कापड घ्या. आधी प्लग काढा, आणि स्पिरिट पूर्ण उडून गेल्यावरच गाडी सुरू करा, कारण चाकांखाली ठिणग्या उडतात. रॉकेल नको, खोबरेल नको. इंजिनाच्या आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब पुरे.

आठ वर्षांच्या आतल्या लेकरांना बोर्डावरची गाडी देऊच नये, असं माझं मत. त्यांना चावीची किंवा सेलची गाडी पुष्कळ झाली. सेलची घेताना झाकणाला स्क्रू आहे का ते पाहा. बटणासारखे चपटे सेल लेकराने गिळले तर आतून भाजतात, तेव्हा तिथे जराही हयगय नको.

देव करो आणि वेळ न येवो, पण शॉक लागून लेकरू चिकटलंच, तर आधी त्याला हात लावू नका. मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारा. श्वास चालत नसेल तर छाती दाबून श्वास द्यायला सुरुवात करा आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. लेकरू लगेच हसू-बोलू लागलं तरी डॉक्टरांना दाखवून आणा.

मैत्रिणींचे प्रश्न

मोबाइलच्या चार्जरवर गाडी चालेल का?
जी गाडी चार्जरवर सेल भरून घेण्यासाठीच बनवली आहे, तिचे सेल त्यावर भरा. चार्जरची वायर कापून ती रुळांना जोडू नका.

दोन गाड्या दोन वर्तुळांवर चालवायच्या आहेत. दोन ट्रान्सफॉर्मर चालतील का?
दोन्ही वर्तुळं एकमेकांना कुठेच जोडलेली नसतील, मधे सांधा बदलणारा रूळ नसेल, तर चालतील. सांधा असेल तर दोन मुठींचा, एकाच खोक्यातला ट्रान्सफॉर्मर घ्यावा. आणि काहीही झालं तरी प्लग काढताना दोन्हींचे एकदम काढा.

यजमान म्हणतात, बारा व्होल्टने काय होतंय? मग एवढी भीती कशाला?
त्यांचं अर्धं खरं आहे. कोरड्या हाताला बारा व्होल्ट सहसा जाणवतही नाहीत. पण ते बारा आहेत ते मधल्या भिंतीमुळे. जर्मनीत मार्क्लिन कंपनीने १९२६ साली खेळण्यांसाठी २० व्होल्टची पद्धत आणली. त्याआधीच्या काही विजेच्या गाड्या मधे एक दिवा टाकून सरळ घरातल्या विजेवर चालत. दिव्यामुळे गाडी हळू धावे, पण रुळात वीज घरातलीच असे. यजमानांना हे वाचून दाखवा.

आमच्या घरचं टोकन

हे सगळं झाल्यावर नातवाने तोंड पाडलं. त्याला वाटलं, आजी आता गाडी उचलून माळ्यावर टाकणार. माझ्याही मनात तेच आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण ज्या खेळण्यापायी पोरं दिवसभर मोबाइल विसरली होती, ते काढून घ्यायचं म्हणजे माझंच मन होईना. दादांनी त्याला सांगितलं आहे, की परीक्षा झाली की पुण्याला ये, कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवतो. १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं ते संग्रहालय भाऊ जोशी यांनी हौसेने उभारलं. इवल्या इवल्या गाड्या, सिग्नल, गावं, उड्डाणपूल, सगळं तिथे आहे. कुणाची सहल पुण्याला जाणार असेल तर लेकरांना जरूर दाखवा.

गाडी मग आम्ही ठेवली. जुने दोन्ही ट्रान्सफॉर्मर वायरी कापून मोडीत काढले. दादांना जरा जड गेलं. मुलांच्या लहानपणाची आठवण ना! पण कात्री त्यांनीच चालवली. इंजिनाला जुळणारा एक नवा ट्रान्सफॉर्मर पुण्याहून मागवला. तो माझ्या कपाटात असतो. खेळायचं असेल तेव्हा नातू येऊन म्हणतो, “मास्तर, लाईन क्लिअर?” मग मी उठते, फरशी कोरडी आहे का, धाकटी नात कुठे आहे ते पाहते आणि ट्रान्सफॉर्मर काढून देते. बोर्डात लावायचा मी, काढायचा मी. हेच आमच्या घरचं टोकन. टोकन मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही.

परवा नातवाने शेजारच्या पोरांनाही हे समजावलं. म्हणाला, “प्लग काढलेला असला तरी हात लावायचा नाही. आधी विचारायचं, तो दुसरीकडे कुठे जोडलेला आहे का.”

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर आज संध्याकाळी एवढं करा : रुळांना किती ट्रान्सफॉर्मर जोडले आहेत ते मोजा. एकाहून जास्त निघाले, तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी दोन्ही प्लग एकदम काढा.